मागच्या खोलीतला वर्ग

किल्ली घ्यायची, वाचनालयाचं दार उघडायचं, खुर्च्या टेम्पोत चढेपर्यंत थांबायचं, दार लावायचं आणि घरी येऊन झोपायचं. एवढंच काम होतं. शूकाकानं स्वेटर चढवला, सायकल काढली. बायकोनं झोपेतच विचारलं, "आता कुठे?" तर म्हणाला, "अध्यक्षांचं काम आहे, आलोच." आलोच म्हणाला आणि घरी परतला तेव्हा दूधवाला येऊन गेला होता.

अरे, तो मोबाईल खाली ठेव आधी. गोष्ट ऐकायची तर नीट ऐक. आणि तू गं, तोंड दाबून हसू नकोस. आत्या सकाळी पेपर मोठ्यानं वाचते म्हणून तिची नक्कल करत होतीस ना? न्हाणीघरापर्यंत ऐकू येत होतं. म्हणून तर बसवलंय तुम्हाला इथे पायरीवर. एरवी हे मी कुणाला सांगत नाही. सांगायला लागलो की समोरच्याला भीती वाटायच्या आधी मलाच राग येतो, आणि मग गोष्ट राहते बाजूला.

तर शूकाका. आपल्या वाचनालयाचा ग्रंथपाल. माझा वर्गमित्र. सगळा जन्म "शूऽऽ, हळू बोला" म्हणण्यात गेला, म्हणून पोरांनी नाव पाडलं शूकाका, आणि मग पोरांचे बापही तेच म्हणायला लागले. एवढ्या पुस्तकांत राहून या माणसाला साधी थाप मारता येत नाही. बायकोला न सांगता सिनेमाला गेला तर तिकीट खिशातच ठेवून घरी येतो. तेव्हा त्यानं त्या सकाळी इथे, याच पायरीवर बसून मला जे सांगितलं, ते खोटं असेल असं मला एकदाही वाटलं नाही.

आता तुम्हाला वाटतं वाचनालय म्हणजे पुस्तकं. पुस्तकं आहेतच हो. पण घरात सहा माणसं आणि एक खोली, त्या घरातली पोरं परीक्षेचा अभ्यास करायची तिथे. म्हातारी मंडळी पेपरच्या नावाखाली पंख्याखाली बसायची. कुणाला दवाखान्यातला कागद कळायचा नाही, तो शूकाकाकडे. कुणाला अर्ज लिहून हवा, तो शूकाकाकडे. पत्र आलं आणि वाचायची भीती वाटली, तरी शूकाकाकडेच.

आणि मागची खोली. कपाटांच्या पलीकडे, एक दार, एक खिडकी, एक फळा. ती बाईंची.

बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या. बारीक अंगाच्या, आवाज मात्र खणखणीत. दुपारी घरची कामं उरकली की बायका यायच्या त्यांच्याकडे वाचायला शिकायला. भाजीवाली, शिंपीण, दोघी-तिघी धुणीभांडी करणाऱ्या, आणि तुमची आत्या. हो, आत्या. पन्नाशी उलटल्यावर. कारण आम्ही भाऊ पाटी घेऊन शाळेत गेलो तेव्हा ती घरी आमची धाकटी भावंडं कडेवर घेऊन फिरत होती. मी चार बुकं शिकलो ते तिच्या जिवावर शिकलो. हसतेस तिला!

बरं. राग गिळतो. ऐका.

सगळ्या वाचनालयात तेवढ्या एका खोलीत मोठ्यानं वाचायची परवानगी होती. शूकाकाला ते सुरुवातीला मुळीच मान्य नव्हतं. बाराखडीचा कोरस सुरू झाला की हा सवयीनं दारातून "शूऽऽ" करायचा, आणि बाई आतून म्हणायच्या, "इथे तुमचं शू चालणार नाही. आवाज फुटल्याशिवाय अक्षर तोंडात बसत नाही." मग बायकांकडे वळून एकच शब्द. "पुन्हा." चुकलं तर पुन्हा, बरोबर आलं तरी पुन्हा. पुढेपुढे शूकाकाच त्यांना लहान मुलांची मोठ्या अक्षरांची पुस्तकं शोधून द्यायला लागला. बायकांना लाज वाटायची, म्हणून त्यांना वर्तमानपत्राची कव्हरं घालून द्यायचा. त्यानं एक पद्धतच पाडली होती. पहिलं पुस्तक अथपासून इतिपर्यंत त्याच्यासमोर वाचून दाखवायचं. दाखवलं की त्या दिवशी सभासदाचं कार्ड, स्वतःच्या नावाचं.

आत्याचं पुस्तक होतं एका हत्तीच्या पिल्लाचं. निम्म्यावर आली होती. जोडाक्षरांना अडखळायची, पण संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाक करता करता पिल्लू आता कुठपर्यंत आलं ते सांगायची. मी तिला इतकी खूश कधी पाहिली नव्हती. तिला ते कार्ड हवं होतं. साधं पुठ्ठ्याचं कार्ड. बाकी कशाचा हट्ट तिनं आयुष्यात केला नाही.

आणि मग वाचनालयावर तो अध्यक्ष निवडून आला.

खुर्च्या-टेबलं भाड्यानं द्यायचा धंदा त्याचा. माल ठेवायला जागा कमी पडत होती. वाचनालयाची मागची खोली कशाला, म्हणे, रिकामी ठेवायची? रिकामी! बाई बैठकीत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तिथे सोळा बायका शिकतात." हा खुर्चीत रेलून म्हणाला, "या वयात शिकून मोठ्या साहेबिणी व्हायचंय का त्यांना?" आणि बाकीचे हसले. कोण कोण हसलं ते मला माहीत आहे. त्यातल्या दोघांना दवाखान्याचे कागद शूकाकाच वाचून दाखवायचा.

शूकाका? तो मूग गिळून बसला. अध्यक्षानं किल्ली मागितली, यानं दिली. बाईंनी विचारलं, "दिलीत?" तर मान खाली. जन्मभर दुसऱ्यांना गप्प बसवणारा माणूस, स्वतः बोलायची वेळ आली तेव्हा त्याच्या तोंडातून शब्द फुटला नाही. मी त्याला तेव्हाही शिव्या दिल्या, अजूनही देतो. मित्र आहे म्हणून काय झालं?

खोलीत छतापर्यंत खुर्च्या रचल्या गेल्या. दिवा काढला. शूकाकाचं एक कुलूप होतंच, त्याची जोडकिल्ली त्याच्याकडे राहिली; त्यावर अध्यक्षाचं दुसरं. बाईंनी वर्ग भरवला बाहेर, वाचनालयाच्या पायऱ्यांवर. ऐन थंडीत. तिथेही अध्यक्षाचा माणूस आला सांगायला, की येणाऱ्या-जाणाऱ्यांना अडचण होते. मग समोर रस्त्याच्या कडेला. वारा, धूळ, गाड्यांचे हॉर्न. बायका हळूहळू गळाल्या. आत्या जात राहिली, चार-पाच जणी जात राहिल्या. बाईंना ताप होता. तापात येत होत्या. छातीत कफ भरला आणि आठवड्याच्या आत… गेल्या.

त्यांच्या शोकसभेचं सांगू? वाचनालयातच भरली. आणि बसायला कोणत्या खुर्च्या आणल्या असतील? त्याच. त्याच खोलीतून काढून. अध्यक्ष डोळ्याला रुमाल लावून म्हणाला, "बाईंचं कार्य आपण पुढे नेऊ." सभा संपल्यावर खुर्च्या परत आत रचल्या आणि कुलूप लावलं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती. आत्यानं मला हाताला धरून घरी आणलं. तिनं हत्तीच्या पिल्लाचं पुस्तक शूकाकाच्या टेबलावर परत ठेवलं, निम्मंच वाचलेलं. त्यानंतर ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.

हं. आता ती रात्र.

बाई जाऊन त्या दिवशी बरोबर महिना झाला होता. रविवार. रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेले. आभाळात चंद्र नाही. थंडी अशी की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. अध्यक्षाच्या पुतण्याचं लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी, खुर्च्या कमी पडल्या, म्हणून फोन. "तू पुढे होऊन दार उघड, मी माझी किल्ली घेऊन येतो."

शूकाकानं वाचनालय उघडलं. समोरच्या दालनातला दिवा लावला. अजून कुणी आलं नव्हतं. हा आपल्या टेबलाशी बसला. बसवेना, म्हणून उठून पेपर सरळ करून ठेवायला लागला. सवय.

तर कुठूनतरी गुणगुण ऐकू यायला लागली.

आधी त्याला वाटलं बाहेर टेम्पो आला. टेम्पो नव्हता. माणसांचा आवाज होता. खूप माणसांचा, एका सुरात, हळू…

म ला काना मा…

म ला पहिली वेलांटी मि…

आता बघा, घाबरायला हवं होतं. पळायला हवं होतं. पण हा पडला ग्रंथपाल. वाचनालयात आवाज झाला की त्याच्या डोक्याच्या आधी त्याचं तोंड काम करतं. यानं मानही वर न करता केलं, "शूऽऽ!"

आवाज थांबला.

एकदम.

आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की आवाज मागच्या खोलीतून येत होता. त्या खोलीला दोन कुलपं होती. बाहेरून.

तो उभा राहिला. पेपर हातात. दिव्याची घरघर तेवढी. खोलीत कुणी खोकलंसुद्धा नाही. पण आत माणसं आहेत… गप्प बसली आहेत… कशाची तरी वाट बघताहेत, हे त्याला कळत होतं. भरलेला वर्ग गप्प असतो ना, तशी ती शांतता होती.

मग एक आवाज. एकटा. खणखणीत.

"पुन्हा."

आणि आतला कोरस दुप्पट जोरानं उठला. म ला काना मा! म ला पहिली वेलांटी मि! कपाटांच्या काचा थरथरायला लागल्या. तो म्हणाला, त्यात शिकण्याचा आनंदबिनंद काही नव्हता. त्या बायका संतापल्या होत्या. एकेक अक्षर दगड मारावा तसं मारत होत्या.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला आणि सगळं बंद.

अध्यक्ष आत आला. मागून टेम्पोवाला. "काय रे, थंडीत घाम कसला? मागच्या दाराचं तुझं कुलूप अजून काढलं नाहीस?"

शूकाका म्हणाला, "साहेब… आत वर्ग चालू आहे."

"कसला वर्ग?"

"बाईंचा."

अध्यक्ष हसला. मोठ्यानं हसला. "मग बाईंना म्हणावं, उठा, खुर्च्या हव्यात."

टेम्पोवाल्यानं एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे पाहिलं आणि "गाडी वळवून लावतो" म्हणून जो गेला, तो गेलाच.

शूकाकानं आपलं कुलूप काढलं. अध्यक्षानं आपलं काढलं. दार ढकललं. मोबाईलचा उजेड आत टाकला.

खुर्च्या रचलेल्या नव्हत्या. रांगेत मांडल्या होत्या. सगळ्या. फळ्याकडे तोंड करून.

एकही माणूस नाही.

"ही तुझी थेरं का?" अध्यक्ष ओरडला. "मला घाबरवतोस? उद्याच्या उद्या घरी बसवतो तुला!" आणि ओरडत ओरडत रांगांमधून पुढे गेला. फळ्यावर काहीतरी लिहिलेलं होतं. त्यानं उजेड त्यावर धरला.

दार लागलं.

आपटलं नाही. हळूच लागलं. तास सुरू झाला की लावतात तसं.

आतून आवाज आला…

"वाच."

"कोण… कोण आहे?"

"फळ्यावरचं वाच."

अध्यक्ष वाचायला लागला. शब्द शूकाकाला कळले नाहीत. एकच ओळ असावी. भरभर वाचली, घाबरलेला माणूस वाचतो तशी.

"पुन्हा."

वाचली.

"पुन्हा."

वाचली. आता थांबत थांबत.

"पुन्हा."

आता एकेक शब्द सुटा. मग अक्षर अक्षर. मध्ये मोठा श्वास. मग एका अक्षराला अडकला… तेच अक्षर, तेच अक्षर…

"पुन्हा."

मग नुसताच आवाज. लहान मूल बोलायला लागायच्या आधी काढतं तसा.

"पुन्हा…"

काय गं? हो, तेच विचारणार होतीस ना, शूकाकानं दार का नाही उघडलं? मीही हेच विचारलं त्याला. कडी लागलेली नव्हती. त्याचा हात दाराच्या मुठीवर होता. नुसतं ढकललं असतं तरी उघडलं असतं.

"मग?" मी म्हटलं.

तो म्हणाला, "कुणी वाचत असलं की मध्ये बोलायचं नसतं."

उजाडताना दार आपोआप उघडलं. अध्यक्ष बाहेर आला. अंगावर ओरखडा नाही, कपड्यांना सुरकुती नाही. दालनातून चालत पायऱ्यांवर गेला. तिथे थांबला. दारावर वाचनालयाची मोठी पाटी आहे ना, माणसाच्या उंचीची अक्षरं, दुरून दिसतात. त्यानं मान वर करून ती पाहिली. पाहतच राहिला. मग अगदी हळू विचारलं,

"शू… तिथे काय लिहिलंय रे?"

मागे खोलीत खुर्च्या परत छतापर्यंत रचलेल्या होत्या. फळा कोरा.

हे झालं शूकाकाचं. आता मी जे स्वतः पाहिलं ते सांगतो. त्या रात्री मी पाणी प्यायला उठलो होतो. तुमच्या आत्याच्या खोलीचं दार उघडं. ती गाढ झोपेत, पाठीवर पडलेली. आणि ओठ हलत होते. मी वाकून कान लावला. म ला काना मा… मी तिला हाक मारली, हलवलं, उठली नाही. कपाळ घामानं भिजलं होतं आणि दोन्ही मुठी घट्ट वळलेल्या. सकाळी तिला काही आठवत नव्हतं. फक्त घसा बसला होता. भाजीवालीचाही बसला होता. आणि शिंपिणीचाही.

आता ती खोली परत मिळाली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आत्या रोज पेपर वाचते ती हवेतून नाही वाचत. पण ती मिळाली कशी, ते तुमच्या बापालासुद्धा माहीत नाही.

अध्यक्षानं डॉक्टर पालथे घातले. डोळे ठणठणीत. डोक्याची तपासणी झाली, तीही ठीक. बोलणं चालणं सगळं पहिल्यासारखं, फक्त अक्षर ओळखता येईना. एकही नाही. लोकांपासून लपवायचा. पेपर हातात धरून बसायचा आणि पानच उलटायचा नाही. बायको त्याला फोनवरचे निरोप वाचून दाखवायची. मला कीव यायला हवी होती. आली नाही, खोटं कशाला बोलू!

बाई गेल्यावर मी हट्टानं कार्यकारिणीत शिरलो होतो. त्यामुळे पुढच्या बैठकीला मी अध्यक्षाच्या शेजारीच होतो. विषय संपले, लोक उठायला लागले, तेवढ्यात शूकाका उभा राहिला. म्हणाला, "थांबा. बसा खाली." अरे, या माणसाचा आवाज एवढा मोठा आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं! म्हणाला, "मी किल्ली दिली तेव्हा माझं मत कुणी विचारलं नव्हतं आणि मीही बोललो नव्हतो. आज बोलतो. ती खोली बायकांच्या वर्गाची आहे. खुर्च्या उद्या उचला. नाहीतर मी नोकरी सोडतो आणि का सोडली ते चौकात उभं राहून सांगतो." एकजण मधेच काही बोलायला गेला. शूकाकानं त्याच्याकडे बघून फक्त "शू" केलं. तो बसला.

ठराव लिहिला. पिवळ्या कागदावर, तसेच कागद तेव्हा वाचनालयात होते. कागद फिरत फिरत अध्यक्षापुढे आला. सगळे बघत होते. त्यानं पेन उचललं. टोक कागदावर टेकवलं. हात हलेना. कपाळावर घाम. पेन धरायचं कसं हेच विसरल्यासारखी बोटं वेडीवाकडी होत होती. खाली मान घालून म्हणाला, "लिहिता येत नाही मला."

आता कुणीही हसलं नाही.

कारकुनानं निळ्या शाईचं पॅड पुढे सरकवलं. अध्यक्षानं अंगठा दाबला. चांगला निळाभोर झाला, आम्ही सगळ्यांनी पाहिला. मग तो कागदावर टेकवला. जोरानं टेकवला. उचलला…

कागदावर ठसा उमटला होता. एकेक रेष मोजून घ्यावी इतका स्वच्छ.

पांढरा.

अंगठा निळाच होता. अध्यक्ष एकदा अंगठ्याकडे बघे, एकदा कागदाकडे. कारकून खुर्ची सरकवून मागे झाला. मी शेजारी होतो. माझ्या मनात काय आलं कुणास ठाऊक, मी बोट पुढे केलं आणि त्या ठशावरून हळूच फिरवलं.

बोटाला खडूची पूड लागली.